तिसऱ्या दाराशी नेलेला पाव

२९ जानेवारी, रविवार

बाई म्हणाल्या, "कॉलेजचा विश्वस्त झालास, आता थोडं थोडं लिहीत जा. मत देण्याआधी मनात काय होतं आणि दिल्यावर काय उरलं, एवढंच. कुणाला दाखवायचं नाही." म्हणून ही वही. खरं तर ही पाण्याची वही आहे. पुढून उघडली की बदामाच्या कोणत्या रांगेला किती तास पाणी सोडलं ते आहे. मागून उलटी धरली की कॉलेज.

आमच्या भागाचे विश्वस्त मुलीकडे ऑरेगनला राहायला गेले आणि त्यांच्या जागेसाठी कुणीच अर्ज केला नाही. बाई रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, मी सहावीपर्यंत शिकलो, तेही सीमेपलीकडे, मिचोआकानच्या डोंगरात. एका खोलीत तीन वर्ग आणि एकच मास्तर."

"अर्ज भरता येतो ना?"

"तो तुम्हीच शिकवलात."

"मग झालं तर."

बाई म्हणजे मिसेस आराक्सी बोयाजियन. वय अठ्ठ्याहत्तर. हार्लनच्या शाळेत ग्रंथपाल होत्या आणि संध्याकाळी आम्हा शेतावरच्या लोकांना इंग्रजी शिकवायच्या. बावीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचो. कॉलेजच्या मंडळावर त्या सव्वीस वर्षं आहेत. पाठ्यपुस्तकं महाग होऊ लागली तेव्हा त्यांनी जीवशास्त्राचं पुस्तक सभेत आणून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "असंच धरून बसा, माझं बोलणं होईपर्यंत." तेव्हापासून प्रत्येक विषयाचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात वापरायला मिळतं.

अशा बाईंच्या शेजारी मी बसणार. देवा, मला निदान गप्प बसायची अक्कल दे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

गप्प बसलो. पण बोलायला हवं होतं.

प्राचार्यांनी वाचून दाखवलं की आमच्या सान आब्दोनचं केंद्र बंद करावं. केंद्र म्हणजे जुन्या दाणागोटा-दुकानातल्या दोन खोल्या. छप्पर गळतं, विद्यार्थी एकसष्टच. त्यांनी हार्लनच्या मुख्य कॉलेजात यावं, अडतीस मैल तर आहे. निर्णय १४ मार्चच्या सभेत.

मंडळावर आम्ही पाच जण. अध्यक्ष डेल हचिन्स ट्रॅक्टर विकतात. जो बेटनकोर्ट यांच्या गाई आहेत, त्यांचे आजोबा पोर्तुगालच्या बेटांवरून आले. पाचव्या सभासद दातांच्या डॉक्टर आहेत. बाईंनी विचारलं, "अडतीस मैल कुणाच्या गाडीतून?" प्राचार्य म्हणाले, "बस आहे." बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

१५ फेब्रुवारी

ओबदुलिया घरी आली. ती माझी कोमाद्रे, माझ्या मुलीची धर्ममाता; म्हणून मी तिचा कोंपाद्रे. नवरा वारल्यापासून पीचच्या पॅकिंग शेडमध्ये उभी राहून आईला सांभाळते. सहा वर्षं एकेक विषय करत बालवाडी-शिक्षिकेच्या दाखल्यापर्यंत आली आहे. दोन विषय राहिलेत.

"तू काय बोललास सभेत?"

"काही नाही. नवीन आहे ना मी."

"खुर्ची कशी आहे? मऊ आहे का?"

एल्विराने, माझ्या बायकोने, कॉफी पुढे केली. ओबदुलियाने ती घेतली, पण माझ्याकडे न बघता. "कोंपाद्रे, मी साडेतीनला सुटते. पाचला आईला भरवते. साडेपाचला रस्ता ओलांडला की माझा वर्ग. हार्लनला जायचं तर मला दुसरी आई शोधावी लागेल."

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस झाल्याने पाणी सोडायचं नव्हतं. बाई सकाळी सान आब्दोनच्या पाण्याच्या टाकीखाली हजर. "चल, प्राचार्यांची बस बघू."

सात दहाला बसलो. बाई खिडकीजवळ. त्यांच्याकडे एक हिरवी वही आहे. प्रत्येक सत्रात एकदा त्या विद्यार्थ्यांच्या वाटेने बसने कॉलेजला जातात आणि वेळ लिहितात. सव्वीस वर्षांच्या नोंदी. पेट्रोल पंपावर उतरून दुसऱ्या बससाठी त्रेचाळीस मिनिटं उभे राहिलो. बाईंनी पिशवीतून सुके जर्दाळू काढून दिले.

"एवोदियो, कॉलेज फुकट केलं तरी वाट फुकट होत नाही. लोक फी विचारतात. बस कुणी विचारत नाही."

"तुम्ही विचारता."

"मी म्हातारी झाले आहे."

शेवटच्या थांब्यापासून कॉलेजच्या मागच्या फाटकापर्यंत चालताना बाई दोनदा थांबल्या. म्हणाल्या, "ही झाडं कोणती रे?" साधी तुतीची झाडं होती, बाई ती चाळीस वर्षं बघत असतील. पण शेतावरच्या माणसाला विचारून त्यांना बरं वाटत असेल, म्हणून मी सावकाश सगळं सांगितलं, छाटणी कधी करतात तेसुद्धा. फाटकात पोचलो तेव्हा नऊ अठ्ठावन्न.

परत येताना म्हणाल्या, "केंद्राबद्दल आपण दोघं बोललो तर चालतं. तिसऱ्याकडे नेऊ नकोस."

बाई अशाच. आपलं नाव कुठे नको. मी शब्द दिला की त्यांचं नाव घेणार नाही.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेतली. तू माती आहेस, म्हणाले पाद्री. मातीने काय करावं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बदाम फुलला आहे. मधमाश्यांच्या पेट्या आल्या.

२४ फेब्रुवारी

सुचलं. इतकं सोपं होतं.

आमच्या डोंगरातल्या गावात सभेत कुणी काही मागत नाही. सभेत मागणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत नाही म्हणायला लावणं. ज्याला मागायचं तो आधी एकेका जाणत्याच्या घरी जातो, पाव घेऊन. पाव आत घेतला की शब्द मिळाला. मग दुसऱ्या घरी जाऊन सांगायचं की पहिल्याने घेतला. सभेच्या दिवशी फक्त माना हलतात. माझ्या वडिलांनी गावाला नळ असाच आणला.

एल्विराला सांगितलं. ती म्हणाली, "बडीशेप घालू का?"

२५ फेब्रुवारी, शनिवार

हचिन्स यांच्या ओसरीवर. त्यांच्या बायकोने टोपली घेतली, वास घेतला, आत नेली. मी ओबदुलियाची गोष्ट सांगितली. ते टोपी डोक्यावर मागेपुढे करत राहिले.

"छप्पर गळतं, मिस्टर एकीवा."

"गळतं."

"बरं. बघू. हो, देईन मत."

२६ फेब्रुवारी, रविवार

बेटनकोर्ट गोठ्यात होते. उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. "आमची आजी ईस्टरला असाच करायची." मी सांगितलं की अध्यक्षांचा होकार आला आहे. ते म्हणाले, "डेल हो म्हणाला? मग मी कशाला नाही म्हणू?"

रात्री झोप छान लागली. वडिलांची आठवण आली.

४ मार्च, शनिवार

आज बाईंकडे गेलो. मोठ्या माणसाकडे सगळ्यात शेवटी जातात, तो मान आहे. शिवाय त्यांचं मत आपलंच. पण त्यांना वगळून कसं चालेल?

बाईंनी जाळीचं दार उघडलं. चेहरा खुलला. मी टोपली पुढे केली आणि म्हणालो, "बाई, केंद्राचं काम झालं. हचिन्स आणि बेट..."

"थांब."

मी थांबलो.

"पुढे एक शब्द बोलू नकोस. तू त्यांच्या घरी गेलास?"

"पाव घेऊन."

बाईंनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "टोपली परत ने, एवोदियो. मला घेता येणार नाही."

"बडीशेपेचा आहे."

"कळलं मला. वास येतोय."

आणि दार लावलं. जोरात नाही. हळूच.

आमच्या गावात पाव परत आलेला मी एकदाच बघितला आहे. तो माणूस पुढे गाव सोडून गेला.

५ मार्च

एल्विराने टोपली बघितली आणि उचलून आत नेली. माझं काय चुकलं? मी त्यांच्याकडे शेवटी गेलो म्हणून? का माझ्यासारख्याने परस्पर काम केलं, हे त्यांना लागलं? बाई तशा नाहीत. पण सव्वीस वर्षं एका खुर्चीवर बसलं की माणसाला काय होत असेल, कोण जाणे. असं लिहिल्याबद्दल देव क्षमा करो.

६ मार्च

पत्रपेटीत एक पुस्तिका. चिठ्ठी नाही. सार्वजनिक सभांच्या खुलेपणाचा कायदा. विश्वस्त झालो तेव्हा मलाही एक दिली होती, ती ट्रकच्या खणात आहे. ही जुनी आहे, कडा मऊ झालेल्या. चौदाव्या पानावर पेन्सिलीची रेघ आणि समासात बाईंचं अक्षर: 'मीही. पहिलं वर्ष. फोनवरून.' खाली वर्ष, सव्वीस वर्षांपूर्वीचं.

१० मार्च

चौदावं पान तीन दिवस वाचलं. इंग्रजी कठीण नाही, पण आत उतरायला वेळ लागला.

मंडळातल्या अर्ध्याहून जास्त सभासदांनी सभेबाहेर एखादा विषय आपसांत ठरवायचा नाही. एकत्र बसून नाही आणि एकाने दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप नेऊनही नाही. पाचांत तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त. हचिन्स, बेटनकोर्ट आणि मी. झाले तीन.

म्हणजे मी पाव घेऊन घरोघर गेलो आणि लोकांची सभा त्यांच्याकडून काढून घेतली.

तिसऱ्याकडे नेऊ नकोस, बसमध्ये सांगितलं होतं. मी ते विनय समजलो.

१२ मार्च, रविवार

एल्विरा म्हणते, "तुला कुणी पैसे दिले? नाही. कुणाला धमकावलंस? नाही. मग गप्प बस. मतं मिळाली आहेत."

"कायदा मोडलाय."

"पाव वाटायला बंदी असलेला कायदा मी पहिल्यांदाच ऐकते."

मी तिला समजावलं की पाव नाही, बोलणं. ती म्हणाली, "मग ओबदुलियाला तू सांग. मी सांगणार नाही."

मिस्सेत गुडघे टेकले. नुसती टोपली दिसत राहिली. बोललो तर केंद्र जाईल. नाही बोललो तर केंद्र राहील, आणि त्या दोन खोल्यांत ओबदुलिया जे काही शिकेल ते माझ्या लबाडीच्या छपराखाली. बाईंना सगळं माहीत आहे. त्या सांगू शकतात. अजून सांगितलेलं नाही. का थांबल्या आहेत, कळत नाही.

१४ मार्च, मंगळवार

सान आब्दोनहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. ओबदुलिया शेडमधलं जाळं केसांवर तसंच ठेवून आलेली. विषय निघाला. अध्यक्षांनी मतं घ्यायला सुरुवात करताच मी हात वर केला.

उभा राहून सांगितलं. कुणाकडे गेलो, कोणत्या दिवशी, काय बोललो, कोण काय म्हणालं. हचिन्स यांचं तोंड लाल झालं. बेटनकोर्ट जमिनीकडे बघत होते. मी म्हणालो, "आमच्या गावात असं करतात. पण इथली माणसं या खोलीत बोलायला येतात, आणि मी त्यांच्या आधीच बोलून घेतलं. चूक माझी."

बाईंचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "चार तारखेला ते माझ्या दारी आले. मी अर्ध्या वाक्यावर थांबवलं. वकिलांना मी त्याच दिवशी विचारलं होतं की असं झालं तर काय करावं. त्यांनी सांगितलं की सभासदाने मतदानाच्या आत स्वतः सांगावं हे उत्तम. म्हणून मी आजपर्यंत वाट बघितली. नसतं सांगितलं तर मी सांगितलं असतं."

कॉलेजचे वकील म्हणाले, आज मत घेता येणार नाही. पुढच्या सभेत सगळी चर्चा पहिल्यापासून, लोकांसमोर. मी विचारलं, "मी मत देऊ का?" ते म्हणाले, ते माझं मी ठरवावं. मी म्हणालो, या विषयावर नाही देणार.

मग जागेवर बसून हिशोब लागला. आता चारांतले तीन हवेत.

१५ मार्च

ओबदुलिया कुंपणापाशीच उभी राहिली. आत आली नाही.

"तुझं मन हलकं झालं, कोंपाद्रे?"

"नाही."

"व्हायला हवं होतं. त्याच्यासाठीच केलंस ना? तुझ्या मनावरचं ओझं तू माझ्या दोन विषयांवर ठेवलंस."

तिला तसं विचारायचा हक्क होता.

जाता जाता म्हणाली, "पुढची सभा कधी?"

२३ मार्च

बाईंचा फोन. "विषयाबद्दल एक अक्षर नाही. अध्यक्षांनी मला जागा बघायला सांगितलं आहे. एवढंच विचारते, सान आब्दोनच्या शाळेच्या जेवणघरात किती खुर्च्या आहेत?"

"दीडशे असतील."

"आणि पॅकिंग शेड साडेतीनला सुटते?"

"हो."

"मग सभा चारला."

बाई आता थकल्या आहेत, संध्याकाळी उशिरा नको वाटत असेल. पण इतक्या लांब सान आब्दोनला कशाला यायचं? हार्लनचा हॉल काय वाईट आहे?

९ एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला आहे. एल्विराने भट्टी पेटवली. म्हणाली, परवासाठी पण लावते. मी म्हणालो, "नको. पुन्हा पाव नको." ती म्हणाली, "हा कुणा एकाच्या दारी जाणार नाही. मधल्या टेबलावर ठेवीन. तुझ्या त्या पुस्तिकेत बघ, चालतं का."

बघितलं. त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश.

चारला जेवणघर भरलं. शेडच्या बायका रांगेने आल्या, काहींच्या कमरेला अजून एप्रन. बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या, पुतण्याने गाडीने आणलं. दातांच्या डॉक्टर चार दहाला आल्या. बेटनकोर्ट चार वीसला. अध्यक्ष हचिन्स चार पस्तीसला, शर्टाला चिखल लागलेला. कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, वळसा घ्यावा लागला, त्यात शेडच्या गाड्यांची रांग, आणि फाटकावर मालगाडी.

"माफ करा, रस्ता भयंकर आहे," ते म्हणाले.

शेडच्या बायकांमध्ये कुणीतरी हसलं. मग सगळ्याच. हचिन्स यांना कळेना का हसताहेत. बाई आपल्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या.

लोकांना प्रत्येकी तीन मिनिटं. ओबदुलिया उभी राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. तिने एक कागद काढला.

"मिस्टर हचिन्स, तुम्ही किती वाजता निघालात?"

अध्यक्षांनी उत्तर द्यायचं नसतं. पण ते म्हणाले, "तीन वीसला."

"म्हणजे सव्वा तास. स्वतःच्या गाडीने. मी बसने आले असते तर तुम्ही अजून माझी वाट बघत असता." तिने बसचं वेळापत्रक वाचलं. फक्त वेळा. सात दहा. सात पंचावन्न. आठ अडतीस. आवाज न चढवता, आमच्या जपमाळेसारखं एकामागून एक. मग म्हणाली, "मी दया मागत नाही. सहा वर्षांत माझी एक गैरहजेरी आहे, ती नवऱ्याला पुरलं त्या दिवसाची. खोल्या गळतात तर बादली आम्ही ठेवू." वेळ संपल्याचा दिवा लाल व्हायच्या आत ती बसली.

चर्चा सुरू झाली. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या की एकसष्ट जणांसाठी इमारत चालवणं बाकी चार हजारांवर अन्याय आहे. त्या मनापासून बोलल्या, मला त्यांचा राग आला नाही. बाईंनी हिरवी वही उघडली आणि सव्वीस वर्षांतल्या बसच्या वेळा वाचल्या. दर काही वर्षांनी वाट लांबत गेली होती. "आपण फी वाढू दिली नाही याचा मला अभिमान आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या काळात आपण कॉलेज त्यांच्यापासून दर वर्षी थोडं थोडं लांब नेलं. तेही महागच झालं की." मध्येच त्या थांबल्या आणि पाणी प्यायल्या. सगळे थांबले.

हचिन्स शेवटी बोलले. "मिस्टर एकीवा ओसरीवर आले तेव्हा मी हो म्हणालो. खरं सांगतो, मनात 'नाही'च होतं. पाव हातात घेतल्यावर माणसाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणालो. हे मत मी देणार नव्हतो. छप्पर दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं माझं मत होतं."

म्हणजे ते मत कधी नव्हतंच. मी गप्प बसलो असतो तरी.

"आज तासभर या रस्त्यावर होतो," ते पुढे म्हणाले. "तर आता सांगतो, सगळ्यांसमोर, आणि लिहून घ्या. केंद्र दोन वर्षं चालू ठेवा. छप्पर मी स्वतः येऊन बघतो. दोन वर्षांनी पुन्हा इथेच, याच वेळेला सभा."

मतं. बोयाजियन हो. बेटनकोर्ट हो. डॉक्टर नाही. एकीवा मत देत नाही. हचिन्स हो.

टाळ्या कुणी लगेच वाजवल्या नाहीत. ओबदुलियाने केसांवरचं जाळं काढून हातात घट्ट धरलं. माझ्याकडे बघितलं. हसली नाही, पण बघितलं.

सभा संपत आली तेव्हा एल्विराने मधल्या टेबलावर टोपल्या ठेवल्या. बाई उठल्या. काठी टेकत टेबलापाशी गेल्या, सगळ्यांत आधी. एक पाव उचलला, मोडला, जागेवरच उभं राहून खाल्ला. मग नोंदी लिहिणाऱ्या नोरीनला म्हणाल्या, "इतिवृत्तात घाला. सभेत सर्वांना पाव देण्यात आला."

"हे लिहायचं?"

"चार एकोणसाठ नाही का झालेत? वेळही लिहा."

"बाई, पाच चाळीस झालेत."

"मग तसं लिहा. मला चष्म्यातून नीट दिसत नाही."

माझ्याजवळ आल्या. तोंडात घास होता. म्हणाल्या, "बडीशेप छान आहे. मार्चपासून या पावाचाच विचार करत होते."

१२ एप्रिल

सकाळी पाणी सोडलं. अकराव्या रांगेपर्यंत.

घरी आलो तर बाईंचा पुतण्या एक पाकीट देऊन गेला होता. आत हिरवी वही. शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढली आहे. पुढच्या कोऱ्या पानावर वर माझं नाव, आणि चिठ्ठी: 'ऑगस्टमध्ये सत्र सुरू झालं की बस बघायची. त्या बसची पायरी अलीकडे उंच केलेली दिसते.'

पायरी उंच केलेली नाही, मी नीट बघितली आहे. पण बाईंचे गुडघे दुखत असतील. उन्हाळ्यात विश्रांती घेतली की बरं वाटेल. ऑगस्टमध्ये सत्राच्या पहिल्या सोमवारी सात दहाला टाकीखाली उभा राहीन, आणि खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवीन.